छोट्या स्विच चिपवर व्हीलॅन: बिट चालू केला की पिंग मेलंच

तांब्याची_तार (धागाकर्ता)

मंडळी, तीन दिवस डोकं आपटतोय, आता तुमचं खातो.

बोर्ड आमचाच आहे. एसटीएम३२एफ४ प्रोसेसर आणि शेजारी केएसझेड८८६३, म्हणजे तीन पोर्टची छोटी स्विच चिप. पोर्ट १ मशीनच्या कंट्रोल नेटवर्कला जातो, पोर्ट २ पॅनेलच्या दारावर सर्व्हिसवाल्याच्या लॅपटॉपसाठी काढलाय आणि पोर्ट ३ आतल्या आत आरएमआयआय या जोडणीने प्रोसेसरला. प्रोसेसरने दोघांशी बोलायचं, पण लॅपटॉपवाल्याने कंट्रोल नेटवर्कात डोकावायचं नाही, एवढीच मागणी. म्हणून कंट्रोलला व्हीलॅन (एकाच स्विचमध्ये पाडलेलं वेगळं आभासी नेटवर्क) १० दिला, सर्व्हिसला २०.

काय केलं ते लिहितो. इथे सगळं देवनागरीत लिहायचं असल्यामुळे हेक्समधले ए ते एफ तसेच येतील, चालवून घ्या.

व्हीलॅन टेबलात सोळा खण आहेत. पहिला तसाच ठेवला. दुसऱ्यात हेक्स डी१०१० आणि तिसऱ्यात हेक्स ई२०२० भरलं. पोर्ट १ चा पीव्हीआयडी (पोर्टचा मूळ व्हीलॅन क्रमांक) १०, पोर्ट २ चा २०. त्या दोन्ही पोर्टवर टॅग (पॅकेटवरची व्हीलॅनची चिठ्ठी) काढायचा बिट चालू, पोर्ट ३ वर टॅग घालायचा बिट चालू. सगळं एसपीआयने (प्रोसेसर आणि चिपमधल्या तारांवरून) लिहून परत वाचून पाहिलं, जसंच्या तसं येतंय. शेवटी रजिस्टर ५ चा सातवा बिट, म्हणजे ८०२.१क्यू (टॅगवाला व्हीलॅन) चालू. तो लावला की पिंग मेलंच. चिप कोरी सोडली तर मात्र सगळं झकास चालतं.

माझं काय चुकतंय?

---

निव्वळ_वाचक

व्हीलॅन नव्हे, व्हिलन आहे तो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

भोसरीकर_बेंच

एक उलटा प्रश्न विचारतो, राग मानू नका. तुम्हाला ८०२.१क्यू हवंच कशाला? तीनच तर पोर्ट आहेत. याच चिपमध्ये पोर्टवर आधारित व्हीलॅन आहे, तो वापरा. हेक्स ११, २१ आणि ३१ या रजिस्टरांचे खालचे तीन बिट म्हणजे "हा पोर्ट कोणाकोणाशी बोलेल". पोर्ट १ ला ५ लिहा (स्वतः आणि ३), पोर्ट २ ला ६, पोर्ट ३ ला ७. संपलं. टॅग नाही, टेबल नाही, पीव्हीआयडी नाही. आम्ही एका पॅकिंग मशीनवर हेच केलंय, चार वर्षं झाली, कोणी तक्रार केली नाही.

आपल्याकडे साध्या कामाला मोठं शास्त्र लावायची खोड आहे.

---

तांब्याची_तार

बेंचभाऊ, ते करून पाहिलं, चाललंही. पण मग पॅकेट पोर्ट १ वरून आलं की २ वरून हे प्रोसेसरला कळत नाही. सर्व्हिसवाल्याला फर्मवेअर बदलायची परवानगी आहे, कंट्रोलच्या बाजूने नाही. हा फरक मला करावा लागतोच.

---

भोसरीकर_बेंच

त्यालाही टेल टॅग आहे की. प्रोसेसरकडे जाणाऱ्या फ्रेमच्या शेपटाला चिप एक बाइट जोडते, त्यात कुठल्या पोर्टवरून आली ते असतं. पाठवतानाही तसंच, शेपटात पोर्ट लिहून द्यायचा.

---

सोल्डरमावशी

टेल टॅग चांगलाच आहे, पण त्यासाठी त्यांना इथरनेटच्या ड्रायव्हरमध्ये हात घालावा लागेल, आणि उद्या चिप बदलली की ते काम परत. ८०२.१क्यूचा टॅग सगळीकडे एकच असतो. चार बाइट, सुरुवातीला हेक्स ८१००, मग ३ बिट प्राधान्य, १ बिट आणि १२ बिट व्हीलॅनचा क्रमांक. म्हणून ४०९६ क्रमांक. त्यातले ० आणि ४०९५ राखीव, हाताशी १ ते ४०९४. धागाकर्ते बरोबर वाटेवर आहेत, फक्त वाटेत खड्डा आहे.

तो खड्डा मला दिसतोय, पण आधी एक सांगा. टेबलातले ते आकडे तुम्ही हाताने मांडले की हिशोब करणाऱ्या फंक्शनने?

---

तांब्याची_तार

हाताने. कागदावर. का हो मावशी?

---

आज्जीचा_राउटर

मला यातलं चिपबिप काही कळत नाही, पण व्हीलॅनने घरात भांडण झालंय म्हणून लिहितो. जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत लिनक्स) टाकलं होतं. आत एआर८३२७ चिप. टीव्हीचा डबा वेगळ्या व्हीलॅनवर टाकायचा म्हणून चौकटीत टिकमार्क करत बसलो आणि व्हीलॅन १ मधून सीपीयू नावाच्या पोर्टचा टॅग काढून टाकला. म्हटलं हा सीपीयू इथे काय करतोय, मी तर तिथे काही वायर लावली नाही. सेव्ह केलं आणि राउटर गेला. वायफाय होतं, पण तेही त्या व्हीलॅनवर नव्हतं. रात्री साडेदहाला, बायकोची मालिका चालू असताना.

फेलसेफमध्ये जाऊन सगळं पुसावं लागलं. तेव्हापासून घरात "तू त्या डब्याला हात लावू नकोस" हा नियम आहे.

---

कोल्हापुरी_कर्नल

हा हा, आज्जीच्या राउटरला नमस्कार. सीपीयू हा पण स्विचचा एक पोर्टच असतो, फक्त त्याला बाहेर भोक नसतं. हे ज्याला उमगलं त्याचं निम्मं काम झालं.

थोडं अवांतर. ओपनडब्ल्यूआरटीत आधी स्विच मांडायला स्विचकॉन्फिग होतं, त्यात "० १ २ ३ ६टी" असं लिहायचं. टी म्हणजे टॅग्ड. कुठल्या डब्यात सीपीयूचा क्रमांक ६, कुठे ०, कुठे ५. चिपवर लिहिलेला क्रमांक आणि डब्यावर छापलेला क्रमांक यांचा तर छत्तीसचा आकडा. आता त्याच्या जागी डीएसए ही नवीन पद्धत आलीय. लिनक्स कर्नलमध्ये ते २००८ पासून आहे, पण ओपनडब्ल्यूआरटीत २१.०२ पासून बऱ्याच डब्यांवर दिसायला लागलं. त्यात प्रत्येक पोर्ट वेगळा इंटरफेस म्हणून दिसतो, लॅन१, लॅन२ असा, आणि सीपीयूचा पोर्ट दिसतच नाही. त्यामुळे आज्जीसारखा घात होत नाही. नवीन माणसाने स्विचकॉन्फिग शिकत बसू नये असं माझं मत.

---

ठाणे_ट्रंक

असहमत. डीएसएने झाकलं म्हणून आतलं कळायचं राहतं. धागाकर्त्याकडे लिनक्स नाही, त्याला रजिस्टरच लिहायची आहेत.

लोकांचा गोंधळ होतो कारण ते "व्हीलॅन लावला" असं एक काम समजतात. प्रत्यक्षात ती तीन कामं आहेत. माझ्या पोरांना मी मंगल कार्यालयाचं उदाहरण देतो. एकाच कार्यालयात दोन लग्नं, एक खाली, एक वर. तुम्ही हातात काही न घेता आलात तर ज्या दाराने आलात त्यावरून दारावरचा माणूस फूल देतो: या दाराने आलास, गुलाब घे, त्या दाराने, झेंडू. हा पीव्हीआयडी. आत यादी लावलेली असते, गुलाबवाले कुठल्या कुठल्या दालनात जाऊ शकतात. ते व्हीलॅन टेबल. आणि बाहेर पडताना दारावरचा माणूस फूल काढून घेतो की राहू देतो, हे तिसरं. येताना, आत आणि जाताना. तिन्ही ठिकाणी एकच फूल ओळखलं गेलं नाही तर पाहुणा उपाशी.

आणि यादीत नसलेलं फूल घेऊन कोणी आला तर ही चिप वाद घालत नाही, सरळ फ्रेम फेकून देते. कुठे काही नोंदही दिसत नाही.

---

निव्वळ_वाचक

मी एकदा वरच्या लग्नाचं पाकीट खाली देऊन वर जेवलोय. माझा पीव्हीआयडी चुकला होता म्हणायचं.

---

सोल्डरमावशी

ट्रंकसाहेबांनी खड्ड्याजवळ आणूनच सोडलं. धागाकर्ते, टेबलातल्या खणाची मांडणी बघा. २० बिट. सर्वांत वरचा १९वा बिट म्हणजे खण वैध. मग १८, १७, १६ हे पोर्ट ३, २, १ चं सदस्यत्व. मग चार बिट एफआयडी (शिकलेले पत्ते कुठल्या गटात ठेवायचे त्याचा क्रमांक). उरलेले १२ बिट व्हीलॅनचा क्रमांक.

तुमचा आकडा डी१०१०. डी म्हणजे वैध, पोर्ट ३ आणि १. बरोबर. १ म्हणजे एफआयडी १. बरोबर. उरलं ०१०. हेक्स आहे हो ते! हेक्स ०१० म्हणजे सोळा. दुसऱ्यात ०२० म्हणजे बत्तीस. तुम्ही टेबलात व्हीलॅन १६ आणि ३२ बनवलेत, आणि पीव्हीआयडी सी कोडमध्ये सरळ १० आणि २० लिहिलाय. दारावर गुलाब दिला, यादीत कमळ.

डी१००ए आणि ई२०१४ भरा. म्हणजे हेक्स ८१, ८२, ८३ या रजिस्टरांत डी१००ए साठी ०डी, १०, ०ए. मग ७९ मध्ये ०४ लिहा, म्हणजे "लिहायचंय, व्हीलॅन टेबल", आणि सगळ्यात शेवटी ७ए मध्ये खणाचा क्रमांक. ७ए ला लिहिलं की तो चाप ओढला जातो, म्हणून ते शेवटी.

---

तांब्याची_तार

🤦 🤦 🤦

तीन दिवस. तीन दिवस मी परत वाचून "जसंच्या तसं येतंय" म्हणत होतो. येणारच ना, चुकीचं लिहिलं ते चुकीचंच परत आलं.

---

भोसरीकर_बेंच

म्हणून म्हटलं होतं, पोर्टचा व्हीलॅन वापरा. ५, ६, ७. त्यात हेक्स काय अन् दशमान काय, सारखंच.

---

श्टुटगार्टकर

याला हसू नका कोणी. इथे गाड्यांच्या इथरनेटवर काम करणाऱ्या आमच्या टीममध्ये नियमच आहे: व्हीलॅनचा क्रमांक कागदोपत्री लिहिताना दोन्ही लिहायचे, दशमान आणि हेक्स. तो नियम कसा आला असेल ते सांगायला नको.

---

तांब्याची_तार

अपडेट. आकडे दुरुस्त केले. आता पॅकेट प्रोसेसरपर्यंत येतंय, डीबगरमध्ये बफर उघडून पाहिलं तर १३व्या बाइटपासून ८१ ०० ०० १४ स्वच्छ दिसतंय. अंगावर काटा आला राव. पण उत्तर जात नाही.

---

कोल्हापुरी_कर्नल

प्रोसेसरवर एलडब्ल्यूआयपी (छोट्या प्रोसेसरसाठीचं नेटवर्कचं सॉफ्टवेअर) आहे ना? त्याला टॅग कळत नाही, जोपर्यंत तुम्ही ईथएआरपी सपोर्ट व्हीलॅन हा पर्याय १ करत नाही. तोवर ८१०० बघून तो अनोळखी म्हणून टाकून देतो.

---

तांब्याची_तार

केलं. पिंग चालू! दोन्ही बाजूंनी. लॅपटॉपवरून कंट्रोल नेटवर्कचा पत्ता पिंग केला तर जात नाही. हवं होतं तेच. मंडळी, चहा माझ्याकडून, मावशींना मिसळही.

धागा बंद करायला हरकत नाही.

---

सोल्डरमावशी

मिसळ घेईन, पण धागा बंद करू नका. तुम्ही एलडब्ल्यूआयपीला टॅग *वाचायला* शिकवलंत. *घालायला* शिकवलंत का? त्याला वेगळा हुक (आपलं फंक्शन अडकवायची जागा) लागतो, व्हीलॅन सेट नावाचा. तो लावला नसेल तर तुमची उत्तरं बिनटॅगची चालली आहेत.

आणि तरी पिंग चालतंय! का ते जरा विचार करून सांगा.

---

तांब्याची_तार

हुक नाही लावला. पण मग चालतंय कसं?

---

ठाणे_ट्रंक

मी सांगतो, मावशींची परवानगी गृहीत धरून. पोर्ट ३ चा पीव्हीआयडी तुम्ही बदललाच नाही, तो मूळचा १ आहे. प्रोसेसरची बिनटॅगची फ्रेम व्हीलॅन १ ची ठरली. आणि टेबलातला पहिला खण तुम्ही "तसाच ठेवला". त्यात रीसेटनंतर व्हीलॅन १, तिन्ही पोर्ट सदस्य, एफआयडी ० असं आधीच बसलेलं असतं. म्हणून उत्तर बाहेर पडलं.

आता गंमत. लॅपटॉपचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) चिपने शिकला तो एफआयडी २ खाली. उत्तर जातंय एफआयडी ० मधून. तिथे तो पत्ता कोणी शिकलेलाच नाही. अनोळखी पत्ता म्हणजे सगळ्या सदस्यांना वाटा. म्हणजे सर्व्हिसवाल्याला दिलेलं प्रत्येक उत्तर कंट्रोल नेटवर्कातही टपकतंय, आणि उलटही. पोर्ट १ ला लॅपटॉप लावून वायरशार्क (तारेवरची पॅकेटं दाखवणारं सॉफ्टवेअर) सोडा आणि पोर्ट २ वरून पिंग करा. दिसेल.

---

तांब्याची_तार

पाहिलं. दिसलं. पोर्ट १ वर दुसऱ्याच माणसाच्या पिंगची उत्तरं येताहेत, प्रश्न मात्र एकही नाही. भुताटकी वाटली असती हे वाचलं नसतं तर.

हे असंच साइटवर गेलं असतं हो.

---

भोसरीकर_बेंच

हे मान्य करावं लागेल. "पिंग चालतंय" एवढ्यावर आम्ही पण खूप वेळा पाठवलंय.

---

सोल्डरमावशी

तर मग: हुक लावा. पहिला खण शून्य करा. पोर्ट ३ चा पीव्हीआयडी टेबलात नसलेला काहीतरी ठेवा, ९९ म्हणा, म्हणजे चुकून बिनटॅगचं काही निघालं तर ते चिपमध्येच मरेल आणि तुम्हाला लगेच कळेल. पोर्टांच्या तिसऱ्या कंट्रोल रजिस्टरात (हेक्स १२, २२, ३२) सहावा बिट इन्ग्रेस फिल्टरचा (आत येतानाच्या तपासणीचा), तोही लावा. नाहीतर पोर्ट २ वर बसून कोणी स्वतःच १० चा टॅग घालून फ्रेम सोडली तर ती आत शिरेल. खिशातून झेंडू काढून वरच्या लग्नात घुसणारे असतातच.

क्रमही लक्षात ठेवा. रीसेटनंतर चिप स्ट्रॅपच्या पिनांप्रमाणे (बोर्डवर कायमच्या बांधलेल्या पिनांप्रमाणे) उठते. तुमचं फर्मवेअर टेबल भरेपर्यंत तिन्ही पोर्ट एकमेकांशी मोकळे बोलत असतील, तर तेवढ्या वेळात डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ता वाटणं) इकडचं तिकडे गेलेलं मी पाहिलंय. आधी त्याच रजिस्टरातले पाठवायचे-घ्यायचे बिट बंद करा, टेबल भरा, मग उघडा. डेटाशीटमधला स्टार्ट स्विचचा बिटही तुमच्या स्ट्रॅपला काय लागतो ते बघून घ्या.

---

आज्जीचा_राउटर

मावशी तुम्ही शिकवणी घेता का?

---

सोल्डरमावशी

घेत होते. मुलं हेक्स शिकायला तयार नव्हती.

---

श्टुटगार्टकर

बफरचाही विचार करा. टॅगने फ्रेम १५१८ वरून १५२२ होते. कुठे १५१८ ठोकून बसवला असेल तर पिंग चालेल आणि फर्मवेअरची फाइल चढवताना अडकेल. ते शोधायला पिंगपेक्षा जास्त दिवस लागतात.

आणि वायरशार्कवर टॅग दिसला नाही तर घाबरू नका. विंडोजवर बरेच नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर टॅग वरच्यावर काढून टाकतात. मी यापायी एक चांगली चिप बोर्डवरून उपटली होती.

---

भोसरीकर_बेंच

चिप उपटण्यावरून आठवलं. याच चिपवर आमच्या पोराने एसपीआयऐवजी एमडीआयओच्या दोन तारा वापरल्या. फीचे (पीएचवाय, म्हणजे तारेशी बोलणाऱ्या भागाचे) रजिस्टर वाचता येत होते, स्विचचे नाही. तो म्हणे चिप नकली. शेवटी कळलं की स्विचच्या रजिस्टरांसाठी त्याच तारांवर एसएमआय नावाची वेगळी बोली आहे. त्यात वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे ऑपकोड ००, आणि वाचायचं की लिहायचं ते फीच्या पत्त्यातला एक बिट सांगतो. एसटीएम३२ चं हार्डवेअर असं ०० पाठवतच नाही. जीपीआयओ (प्रोसेसरच्या साध्या पिना) हलवून हाताने पाठवावं लागलं. तुम्ही एसपीआय घेतलंत, सुटलात.

---

तांब्याची_तार

आठवड्याने परत आलोय. मावशींनी सांगितलं ते सगळं झालं, गळती बंद. पण ग्राहकाने नवीन पिल्लू सोडलंय. सर्व्हिसवाल्याला त्यांच्या ऑफिसात बसूनही मशीनपर्यंत यायचंय. म्हणून पोर्ट १ च्याच केबलवर कंट्रोलचा १० जसा आहे तसा बिनटॅगचा हवा आणि त्यासोबत २० टॅग लावून. त्यांचा आयटीवाला म्हणतो आमच्या मोठ्या स्विचवर हे दोन क्लिकचं काम आहे.

पोर्ट १ ला २० चा सदस्य केला, एफ२०१४. पण २० पण बिनटॅगचाच बाहेर पडतोय.

---

कोल्हापुरी_कर्नल

नाही होणार. मोठ्या स्विचवर "टॅग काढायचा की नाही" हे प्रत्येक व्हीलॅनसाठी, प्रत्येक पोर्टला वेगळं सांगता येतं. या चिपच्या टेबलात त्याला जागाच नाही; मावशींनी लिहिलेले २० बिट परत मोजा. टॅग काढायचा बिट पोर्टचा आहे. लिनक्सचा ड्रायव्हर सुद्धा या घराण्याच्या चिपवर एका पोर्टला एक व्हीलॅन टॅग्ड आणि दुसरा अनटॅग्ड मागितला तर चक्क नकार देतो.

---

ठाणे_ट्रंक

दारावर माणूस एकच आहे. तो एकतर सगळ्यांची फुलं काढून घेतो, नाहीतर कोणाचीच नाही. त्याला गुलाब-झेंडू कळत नाही.

आयटीवाल्याला सांगा, पोर्ट १ वर दोन्ही टॅग्ड द्या. मग तुमच्याकडे पोर्ट १ वरचा टॅग काढायचा बिट बंद, पीव्हीआयडी ९९. आणि हो, "पीव्हीआयडी नसलेलं फेका" हा बिट तिथे लावू नका, त्याने १० आणि २० दोन्ही जातील.

---

भोसरीकर_बेंच

किंवा केएसझेड९८९७ घ्या, त्याच्या टेबलात टॅग काढायच्या पोर्टांची वेगळी यादी आहे. सात पोर्ट. बोर्ड नवीन करावा लागेल एवढंच 😀

---

तांब्याची_तार

बोर्ड नवीन करायचं साहेबांसमोर बोललो तर मलाच टेबलातून काढतील.

आयटीवाल्याला फोन केला. दोन्ही टॅग्ड देतो म्हणाला, पण बदलासाठी फॉर्म भरा, त्यात व्हीलॅनचे क्रमांक लिहा. मी दोन्ही लिहिले, दशमान आणि हेक्स. त्याचा परत फोन: "साहेब, हे १४ कुठून आलं, आमच्याकडे १४ वर पार्किंगचे कॅमेरे आहेत."